कोल्ह्याची आग : नियम

नऊ म्हणजे नऊ.
चोवीस जण किल्ल्याच्या दाराशी ताटकळताहेत
आणि एकाचं दूध उतू जातंय, हे चालणार नाही.
(हा ओस्मोसाठी. त्याला माहीत आहे.)

राक्षस पडला की जे सांडेल
ते आधी गरजेला, मग हौसेला.
धनुष्य धनुर्धराला. झगा जादूगाराला.
वाढपी मी, म्हणून माझं पान शेवटी;
सहा वर्षांत माझ्या वाट्याला
एक फुटकी ढाल आणि सत्तावीस कोंबड्या आल्या.
तक्रार नाही.

शिव्या फक्त फिनिशमध्ये.
बेल्जियमच्या त्या दोघांना अर्थ कळत नाही,
त्यांना वाटतं, आपण मंत्र म्हणतोय.

मेलेल्याला हसायचं नाही.
म्हणजे हसायचं, पण उठवून झाल्यावर.

कुणी रात्री तीनला दिसलं
तर झोप का येत नाही, विचारू नये.
सोबत मासे धरायला जावं.
खेळातल्या तळ्यात मासे फार,
आणि बोलावं लागत नाही.

इथपर्यंतचे मी एका बैठकीत लिहिले,
केमीत, नोव्हेंबरात,
दुपारी तीनलाच अंधार पडलेला,
लाकडाच्या गिरणीतला भुसा अजून केसांत.

सहावा नंतरचा.
खजिन्याला हात लावायचा नाही.
हा वेर्नेरीमुळे.
बारा हजार मोहरा एका रात्रीत,
शिवाय सिर्काने हिवाळाभर साठवलेल्या
औषधी मुळ्यासुद्धा. मुळ्या कशाला रे?
मी त्याला काढलं. कारण विचारलं नाही;
कारण विचारायचा नियमच नव्हता.

आता सांगते ते गिल्डमध्ये कुणाला ठाऊक नाही.
वेर्नेरीचा आवाज मला दोनदा यायचा.
आधी छतातून,
मग अर्ध्या सेकंदानं कानात.
"मागे व्हा!" छत म्हणायचं,
मी मागे व्हायचे,
मग हेडफोन म्हणायचा, "मागे व्हा!"
त्या अर्ध्या सेकंदाच्या जिवावर
मी तीन राक्षसांच्या तावडीतून सुटले
आणि सगळे म्हणाले, काय चपळ आहे ही.
तीही एका परीनं चोरीच.
तिच्यावर नियम केला नाही मी.

त्याला काढलं आणि छत मुकं झालं.
नऊच्या ठोक्याला खुर्ची सरकायची.
मग काही नाही.

एकदा जिन्यात समोर आला.
तेरा-चौदाचा असेल. हातमोजा एकच.
दोन पिशव्या भरून रिकाम्या बाटल्या
दुकानात परत करायला निघालेला.
माझ्यासाठी पायानं दार अडवून उभा राहिला.
मी नुसती मान हलवली.
बोलले असते तर त्यानं आवाज ओळखला असता.

खेळातलं खेळात, घरातलं घरात :
हा सातवा मी त्याच रात्री लिहिला,
खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला.
यादीत अजून आडवी रेघ आहे.
राहू दे तशीच.

फेब्रुवारीत अर्ज आला.
पहिल्या पायरीचा भालाईत, नाव 'कुणीनाही',
नऊला दोन मिनिटं कमी असताना.

नवख्यानं महिनाभर मागे उभं राहावं,
खजिन्याच्या दाराकडे पाठ करावी,
कोंबड्या सांभाळाव्यात
(हा आठवा, टाइप करता करता केला),
सिर्काला मुळ्या खणून द्याव्यात, मोजून,
असं सगळं मी त्याला पाठवलं
आणि मान वर करून बसले.

वाचायला जेवढा वेळ लागतो
त्याहून थोडा जास्तच लागला.
"वाचलं," छत म्हणालं.

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला
आणि अर्ध्या सेकंदाची वाट पाहिली.