दोन गुणांचा प्रश्न

माझगावची रात्रशाळा, साडेआठचा तास.
फळ्यावर लिहिलं : लघु-गुरू क्रम लावा,
गण पाडा, वृत्त ओळखा.
गुण दोन.

शेवटच्या बाकावर लिंबाजी सोनकांबळे,
दारुखान्यातून थेट आलेला,
भुवईत लोखंडाचा कीस.
म्हणाला, पाडायचं आम्हाला ठाऊक आहे, बाई.
दिवसभर जहाजच पाडतो,
तीन-तीन पत्रे एका वेळी.
क्रेनला तेवढंच पेलतं.

वर्ग हसला. मीही.
मग त्यानं वही पुढे केली, तेलाच्या बोटांची,
आत त्याच्याच चार ओळी :

    उद्या देतो म्हणे सेठ
    उद्या भरीन मी पोट
    उद्या निघेल ही बोट
    उद्या उद्या उद्या

मी लाल पेन काढलं, सवयीनं.
आठ अक्षरं, आठ, आठ, चौथीत सहाच.
सेठला पोट जुळत नाही, ठ वेगळा, ट वेगळा.
आणि एकच शब्द सहा वेळा!

घणाखाली, बाई, ठ आणि ट सारखेच ऐकू येतात.
शब्द मी नाही घातला सहा वेळा.
सेठ घालतो,
सोमवार ते शनिवार.

आणि शेवटची दोन अक्षरं?

ती खाड्यात कापली.

उत्तर सुचेना, तेव्हा मी नियम सांगितला.
हे बघ, उ ऱ्हस्व. एकटा असता
तर डोक्यावर अर्धचंद्र काढून मी मोकळी झाले असते.
पण पुढे द्या आहे, जोडाक्षर.
पुढच्याचा भार मागच्यावर येतो,
म्हणून उ गुरू.

त्यानं नुसता उ म्हणून पाहिला,
मग अख्खा शब्द, सावकाश.
खांदा चोळत म्हणाला, खरंय.
पत्रा नेताना पुढचा थबकला
की मागच्याचीच मान मोडते.

दोनपैकी दीड दिले.
अर्धा कशाचा कापला ते त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर, काय माहीत.

माझा पगार मार्चपासून अडकलाय.
सकाळी कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं
फाईल न उघडता तोंड उघडलं,
आणि पहिलं अक्षर कानावर पडताच
त्याच्या टेबलाच्या कडेवर, नखानं,
मी एक आडवी रेघ ओढली.