गेल्या चार आठवड्यांत

प्रश्न नऊ आहेत. सगळे एकाच दारानं आत शिरतात:
गेल्या चार आठवड्यांत.

न्सांजे जिल्हा, मलावी. फेब्रुवारी.
मक्याला तुरे आलेत, हिरवागार उभा आहे
आणि अजून कुणाच्याही उपयोगाचा नाही.
मी झोम्बाहून आलेली, हातात टॅबलेट,
सॅकच्या तळाशी बिस्किटांचा पुडा,
जो दर घरापूर्वी मी आणखी खाली ढकलते.

एनेलेसीनं चटई अंथरली, स्वतः मातीवर बसली.
मी सरकू लागले तर म्हणाली, राहू द्या,
एवढी एकच आहे, पाहुण्याची.

घरात अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का?
"काळजी?" तिनं शब्द उलटासुलटा करून पाहिला,
बाजारात मासा पाहावा तसा.
"काळजी जानेवारीत होती. आता आहे ते आहे."
टॅबलेटला होय किंवा नाही हवं असतं.
होय, म्हटलं मीच.

कितीदा? क्वचित, अधूनमधून, की नेहमी?
क्वचित म्हणजे एकदोनदा. अधूनमधून, तीन ते दहा.
दहाच्या वर नेहमी.
"खाल्लं ते दिवस मोजू का?
पटकन होतील."

काल किती वेळा जेवलात?
"जेवलो नाही."
कोपऱ्यात टोपलीभर न्यिका, नदीतल्या कमळाचे कंद,
अंगावरचा चिखल अजून ओला.
मग हे?
"हे खाल्लं. जेवलो नाही."
न्सिमा शिजली तर जेवण. माझ्या घरीही असंच म्हणतात,
मला विचारायची गरज नव्हती.

'मुळे व कंद' असा रकाना आहे, मी खूण केली.
त्या रकान्यात शिरे नदी नाही,
कमरेएवढं गढूळ पाणी नाही,
पायाच्या अंगठ्यानं तळ चाचपणं नाही,
काठावर उभं राहून मगरीसाठी
पाण्यावर काठी आपटत राहणारी मलिटा नाही.
तिचं वय मात्र आहे, पान दोनवर. सात.

नववा प्रश्न आला तेव्हा शेजारीण कुंपणाशी
उगाचच कोंबडी शोधत होती.
सबंध दिवस आणि सबंध रात्र
काहीही न खाता काढली, असं झालं का?
"नाही," एनेलेसी म्हणाली, जरा मोठ्यानं.
नाही, मी लिहिलं.

कोंबडी सापडली असावी.
एनेलेसी उठली, छपराच्या गवतातून
एक पांढरी बाटली काढली, कानाशी हलवली.
"दवाखान्यात हेही मोजतात.
महिन्याला तीस देतात, एकही उरायला नको.
माझ्या एकोणीस उरल्या.
नर्स ओरडली, बाई, जगायचं नाही का तुला?"
रिकाम्या पोटी गोळी घेतली की झोपडी फिरते,
ओकारी येते, आणि ओकायला काही नसतं.
पोटात काही असेल त्या दिवशी गोळी.
नसेल त्या दिवशी ती बाटलीतच.

एकोणीस.
मी सकाळपासून घरोघर हाच आकडा विचारत होते,
तो गवतात खोचलेला होता,
आणि दुसऱ्याच खात्याच्या वहीत
बेपर्वाई म्हणून नोंदवलेला.

मी मागे जाऊन नववा प्रश्न उघडला.
उत्तर बदलायचे आहे का? टॅबलेटनं विचारलं.
मी तिला विचारलं.
"राहू द्या," ती म्हणाली. "तिच्यादेखत दिलंय मी ते."

निघताना तिनं दोन उकडलेले कंद
केळीच्या पानात बांधून माझ्या हातावर ठेवले.
नको म्हणायचं माझ्या तोंडात आलं होतं.
तिनं ते वाचलं बहुतेक, कारण तिनं माझी बोटं
स्वतःच्या हातानं मिटवली.

परतीच्या गाडीत पान उलगडलं.
पिठूळ, कडवट, दाताखाली थोडी रेती.
सॅकमधला पुडा तसाच होता.
रात्री आईचा फोन आला: जेवलीस का?
खाल्लं, म्हटलं.