वास

वसमतला त्या चैतात हळद शिजत होती,
कढयांची वाफ थेट आमच्या गच्चीवर,
अन् घरात तिघांपैकी एकालाही वास नाही.

मुंजा रोज सकाळी ठेचलेला लसूण
आमच्या नाकाशी धरायचा, मग स्वतःच्या.
"आला का?"
आई मान हलवायची, पोळी टाकायची.

अण्णा मापाडी. नांदेडला, खाट एकोणीस.
धापा टाकत फोनवर एवढंच,
"मोंढा उघडला का? काटा झाकून ठेवा."

मग तिकडून दुसऱ्याच कुणाचा तरी फोन.

सतराव्या दिवशी मला वास आला.
खुंटीवरून काढलेल्या सदऱ्याचा :
हळकुंड, बिडी, पोत्याचा सुतळी-वास.

"आला का?" मुंजानं विचारलं.
"नाही," म्हणाले.
सदरा आईच्या हातात होता, तोंडावर दाबलेला,
अन् तिला अजून काहीच येत नव्हतं.