तळटीप क्रमांक नऊ

ओझुर्गेती, जॉर्जिया. चहाचा कारखाना.
तिसऱ्या रांगेची टेबलं आम्ही फिरवली,
तोंडं खिडकीकडे.
पाकिटं वाढली, शेकडा सहा.
अहवालात लिहिलं: उजेड.

मंत्रालयाला दोनच ओळी हव्या होत्या.
दिल्या.
वर्षभरात सात कारखान्यांच्या भिंती फोडल्या,
काचांचं बिल आलं,
पाकिटं होती तेवढीच.

मग परत गेलो, ऑक्टोबरात,
नाझिब्रोलाबाईंशेजारी स्टूल ओढून बसलो.
"उजेड?" त्या हसल्या. हात थांबले नाहीत.
"समोर मिनीबसचा थांबा आहे, दिसतोय?
पोरगा तुर्कस्तानात विटा वाहतो.
येतो म्हणालाय, कधी ते बोलला नाही.
आधी थांब्याकडे पाठ होती.
गाडी वाजली की मान वळायची,
मान वळली की चहा सांडायचा.
आता नुसते डोळे उचलते."
"आणि बाकीच्या?"
"त्यांचंही कोणी ना कोणी आहेच की पलीकडे."

माझ्या तक्त्यात रकाने होते:
वय, वेतन, शिक्षण, पाळी.
कुठेच मावेना.
तळटिपेत घातलं, बारीक टायपात,
मंत्री जिथवर पोचत नाहीत तिथे.

तेवढ्यात गाडी आली.
अख्ख्या रांगेच्या पापण्या वर गेल्या,
खाली आल्या.
घड्याळ माझ्या हातात होतंच.
दीड सेकंद.