बारा काड्या

कायानीत डिसेंबरात दुपारी तीनलाच
खिडकीची काच काळी पडते.
मी बर्फ ढकलणारं यंत्र चालवतो,
गाव उठायच्या आत रस्ते मोकळे करतो.
माझ्या बोटांना सुईची ओळख नाही.

तरी यंदा सानेल्माची ड्यूटी रात्रीची,
आणि नाताळ चार दिवसांवर,
आणि पोरं म्हणाली, हिम्मेली हवंच.

काड दिलं आउनेबाईंनी, खालच्या मजल्यावरच्या.
भावाच्या शेतातलं राय,
दाणा भरायच्या आत विळ्यानं कापून
सावलीत वाळवलेलं,
वर्तमानपत्रात तान्ह्या मुलासारखं गुंडाळलेलं.
"कोमट पाण्यात भिजव," म्हणाल्या, "नाहीतर चिरेल.
आणि पेर टाळून काप.
पेरातून दोरा जात नाही,
कितीही शहाणा असलास तरी."

भिजवलं. बटाट्याच्या पातेल्यात.
स्वयंपाकघरभर ऑगस्टचा वास सुटला.
पिह्लानं वाकून हुंगला,
आणि तिला तळं आठवलं,
तळ्यात गेलेली एक चप्पलही.
"अजून तिथेच असेल," ती म्हणाली. "बर्फाखाली."

बारा काड्या, सगळ्या सारख्या.
माप म्हणजे आगपेटी, दोनदा ठेवायची.
कात्री विल्योकडे. वय पाच,
जीभ ओठांबाहेर,
कापलेलं कांडं टुणकन उडून
फ्रीजखाली जायचं, आणि तोही मागोमाग.

आधी तीन ओवायच्या: त्रिकोण.
मग दोन, गाठ. दोन, गाठ.
दोन, गाठ. दोन.
टेबलावर नुसतं पसरलेलं जाळं,
मासळीनं टाकून दिल्यासारखं.
मी तीनदा चुकलो.
तिसऱ्यांदा एक शब्द तोंडातून गेला,
तो पोरांनी लगेच पाठ केला.
चौथ्यांदा टोकाला टोक बांधलं,
उरलेली बारावी काडी मधे घातली,
दोरा ओढला,
आणि ते उठून उभं राहिलं.
कुणी काही बोललं नाही.

पूर्वी जेवणाच्या टेबलावर टांगायचे.
म्हणायचे, हिम्मेली जेवढं मोठं तेवढं पीक.
आमचं पीक तिसऱ्या मजल्यावर,
कुंडीतला पुदिना, तोही रुसलेला.
त्याला एवढं पुरे.

"आत काय आहे?" विल्योनं विचारलं.
"काही नाही. हवा."
"मग तिला दार का नाही ठेवलं?"
मी स्टुलावर चढलो,
हुक शोधायला वेळ लागतोय असं दाखवत राहिलो.

दिव्याखाली लटकलं ते. जरा कललेलं.
तिघांनी श्वास रोखला, ते थांबलं.
पिह्लानं सोडला, ते फिरलं.
मग किती तरी वेळ हाच खेळ,
गाल फुगवून, लाल होऊन,
बशीतली आल्याची बिस्किटं मऊ पडेपर्यंत.

सकाळी सातला बाहेर रात्रच होती.
किल्ली वाजली.
सानेल्माबरोबर थंडीची एक लाट घरात शिरली
आणि हिम्मेली गर्रकन वळलं,
कोण आलं ते बघायला.

ती बूट न काढताच टेबलापाशी आली.
कोटावरचा बर्फ तिथेच ठिबकला.
बराच वेळ मान वर करून बघत राहिली,
मग हलकेच म्हणाली, मला ऐकू जाईल एवढंच,
"यातली एक आखूड आहे."

आतून, पांघरुणाखालून, झोपेतला आवाज:
"ती कापताना मला शिंक आली होती!"