अ समरी

भोईवाड्याच्या नाक्यावर, पिठाच्या गिरणीला चिकटून
माझी लायब्ररी आहे, आठ बाय दहा.
पुस्तकांवर दुपारपर्यंत पिठाची साय धरते.
कोणी कुठलं पुस्तक नुसतं हाताळून परत ठेवलं
ते मला बोटांच्या ठशांवरून कळतं.
धंद्याची सवय. दुसरं काही नाही.

धुरी हवालदार दर शनिवारी येतात.
रिटायर होऊन चौदा वर्षं झाली,
तरी चपला दाराबाहेर सरळ रेषेत काढतात,
हजेरीला उभ्या केल्यासारख्या.
रहस्यकथांचं अख्खं कपाट समोर,
आणि नेतात तेच: नंबर तीनशे सतरा.

खंडाळ्याचा बंगला. दाराला आतून कडी.
सव्वाअकराला थांबलेलं घड्याळ.
पाच पाहुणे, पाचांनाही कारण.
मयताला मधुमेह, तरी बशीत साखर,
आणि भर मे महिन्यात मफलर गुंडाळलेला तो गुप्तहेर
जो बशीवर वाकतो
आणि म्हणतो, "हं."

रजिस्टरात मोजलं मी. एकोणीस वेळा.

एकदा राहवेना. म्हटलं,
"हवालदार, खुनी कोण ते एव्हाना पाठ झालं असेल.
मग गंमत काय उरली?"
त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं, बंदांना गाठ मारली.
"ठाऊक आहे, म्हणून तर नेतो."

त्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला होता.
शांतता होती, म्हणूनही असेल,
ते स्टुलावर बसले.

"बत्तीस वर्षं रायटर होतो मी.
शिवडी, भायखळा, येलो गेट.
अक्षर चांगलं, म्हणून पंचनामे माझ्याच गळ्यात.
एक अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस,
अंगात फिकट निळा शर्ट, डोक्यास मागील बाजूस जखम.
खिशात साखरेची पुडी.
लिहिली: साखर, अंदाजे दहा ग्रॅम.
कोणासाठी नेत होता, असा रकाना नव्हता.
मग फाइल फिरली, जाड झाली, दमली.
वर शेरा पडला, अ समरी.
म्हणजे गुन्हा खरा. उलगडा नाही.
आता तुमचा तो खंडाळ्याचा म्हातारा बघा.
कंजूष, खवट, सख्खा पुतण्या रडला नाही,
आणि त्याच्यापायी एक परका माणूस
दोनशे बारा पानं धड झोपत नाही!"

हसले. मग हसू पुसून घेतल्यासारखं
मिशीवरून हात फिरवला,
आणि चपला घालून गेले.

पुस्तक परत आलं तेव्हा मी दाराला कडी लावली
आणि दिव्याखाली धरलं.
शेवटचं प्रकरण कोरं करकरीत:
पाचही जण दिवाणखान्यात जमतात,
गुप्तहेर एकेकाचं नाव घेतो,
माळी दाराशी उभा, आणि खुनी पाणी मागतो,
ती पानं एकमेकांना चिकटलेली,
अजून कोणी नीट उघडलेलीही नसावीत.
पण पान अठ्ठावन्न
घामाने तपकिरी, कोपऱ्यात गोल झिजलेलं,
शिवणीतून सुटायला आलेलं.
तिथे बशी आहे. तिथे साखर आहे.
तिथे कोणाला अजून काहीच कळलेलं नाही,
नुसतं एक माणूस वाकून बघतो आहे.

म्हणजे जबानी एक
आणि मुद्देमाल भलतंच बोलणारा.

हवालदारांना मी विचारलं नाही.
काही गोष्टी कळल्यावर
त्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मांडायच्या नसतात,
एवढं तीनशे सतराने मलाही शिकवलं आहे,
की त्याच्या उलट शिकवलं आहे, कोण जाणे.

गिरणीवाल्याकडून मूठभर पीठ आणलं,
स्टोव्हवर खळ शिजवली,
पान अठ्ठावन्न जागच्या जागी बसवलं.
वाळेपर्यंत वर वजन हवं होतं.
रजिस्टर ठेवलं.

शुक्रवार होता.