मापाची सावली

टूसॉनमध्ये जुलैत
गाडी दुकानाच्या दाराशी लावत नाही कोणी.
पार त्या टोकाला, मेस्किटच्या झाडाखाली
टीचभर सावली असते, तिथे रांग.
बाकीचं पार्किंग मोकळं, पांढऱ्या रेघांसकट तापलेलं.

ऊन मी म्हणत होतं. एकशे बारा.
मी काउंटरमागे वायपरची पाती मोजत होतो
तेव्हा इमेल्डा बुस्तामांते आल्या,
हातांत ओव्हनमधून पाव काढायचे जाड हातमोजे.
त्याशिवाय स्टिअरिंग धरवत नाही, म्हणाल्या,
आणि पर्समधून लोकरीचा धागा काढला,
हिरवा, मध्ये एक गाठ मारलेला.
गाठीपर्यंत रुंदी, तिथून पुढे उंची.
"काचेला नीट बसेल असं काहीतरी दाखव."

मी दाखवत गेलो.
हे घडीचं, चंदेरी, पंख्यासारखं उघडतं, नऊ डॉलर.
दोन उन्हाळ्यांत घड्यांवर फाटतं, तेही सांगितलं,
मॅनेजर आत होता म्हणून.
हे छत्रीचं. झटकन उघडतं,
पण दांडा आरशाला अडतो
आणि मिटताना काडी डॅशबोर्डवर ओरखडा काढते.
"मग नको," त्या म्हणाल्या, इतक्या पटकन
की अर्धी मिटलेली छत्री मी तशीच धरून राहिलो.
हे गोधडीसारखं जाड, गाडीच्या मापानं कापलेलं.
किती सालची गाडी?
एक्क्याण्णव.
कॉम्प्युटरवर पाहिलं. यादी दोन हजारपासून सुरू होत होती.
उरलं ते मोठ्या काळ्या गॉगलचं चित्र असलेलं.
ते कॉलेजची पोरं नेतात.

"डॅशबोर्ड आधीच तडकलाय का?"
तडकला असेल तर वरून चिकटवायचं कव्हर होतं आमच्याकडे,
सव्वीस डॉलर, दोन रंगांत.
"चल, तूच बघ."

तडकलाच होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आमच्या रिल्लितो नदीसारखा,
जिच्यात वर्षातले दहा महिने वाळूच वाहते.
प्लास्टिकचा संत ख्रिस्तोफर
पाय वितळून गुडघ्यापर्यंत खचला होता.
वाचवण्यासारखं इथे काय उरलंय,
हे तोंडावर आलेलं मी गिळलं.
त्यांनी हातमोजा काढला आणि बोट ठेवलं नाही,
नुसतं जवळ नेलं.

स्पीडोमीटरच्या डावीकडे, फिक्कट पट्टीवर,
बॉलपेनानं लिहिलेले आकडे, एकाखाली एक.
वरचे सगळे खोडलेले.
शेवटचा तेवढा शाबूत: ९७४००. पुढचं ऑइल.
अक्षर डावीकडे कललेलं. चारचा आकडा
उन्हानं जवळजवळ पिऊन टाकलेला.

"एलेनोनं लिहिलं. तीन वर्षं झाली.
मी कुठे जाते? चर्च, औषधांचं दुकान, बहीण."
मी मीटर पाहिला. ९७३३८.
बासष्ट मैल.

ऑइल मैलांवर जात नाही नुसतं,
उभ्या गाडीतही ते वर्षभरात मरतं.
हे मला पाठ आहे. दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगतो.
त्यांना नाही सांगितलं.

मग मेस्किटखाली डांबरावर पसरून
दोन नऊ डॉलरवाली कापली,
धाग्याच्या मापानं, दुकानाच्या कात्रीनं.
आरशापुरती खाच. कडेला चिकटपट्टी, दोनदा.
त्यांनी वरचा कोपरा धरला होता, हातमोजे घालूनच.
बसवलं तेव्हा काचेत बोटभरही फट राहिली नाही.
आतून पाहिलं: आकडा अंधारात,
संत अंधारात,
आणि मला घाम.

"चंदेरी बाजू बाहेर," मी म्हणालो.
"माहितेय रे."

पैसे एकाचेच घेतले. दुसरं रजिस्टरमध्ये
फाटकं म्हणून लिहिलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.
त्या गेल्या तेव्हा धागा काउंटरवर राहिला होता.
हाक मारणार होतो.
मग वाटलं, बासष्ट मैल झाले की
ऑइल घ्यायला येतीलच.